भिंतीपलीकडची शाळा आणि तिचे पालक

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. ताबा कधी मिळाला, पहिली चार वर्षं टँकरचं पाणी कसं वाटून घेतलं, कन्व्हेयन्ससाठी कोणी किती खेटे घातले, हे सगळं सांगणारी मंडळी ए विंगमध्ये आहेत आणि ती ते लिहितीलच. संपादक मंडळाने मला सांगितलं, ‘तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका होतात, तुम्ही परिसराबद्दल लिहा.’ आता परिसर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती आपल्या मागच्या भिंतीला लागून असलेली महापालिकेची शाळा. बी विंगच्या सगळ्या स्वयंपाकघरांतून ती दिसते. प्रार्थना ऐकून आपण गॅस बंद करतो, मधल्या सुट्टीचा गोंगाट झाला की कुकर लावतो. तिथली दोनएकशे मुलं कोणाची, असं विचारलंत तर उत्तर सोपं आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची, इस्त्रीवाल्याची, वॉचमनची, कोपऱ्यावरच्या भाजीवालीची. या लेखात मी त्या आईबापांबद्दल लिहिणार आहे, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

सरकारी शाळा आणि पालक यांचा इतिहास तो काय असणार, असं वाटतं. पण तो आहे, आणि त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. शिक्षणाच्या कायद्यांनी पालकाची पहिली दखल घेतली ती दंड ठोकण्यासाठी.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी. सरकारी तिजोरीत भर घालतो शेतकरी आणि शिकतात वरच्या जातींची मुलं, हे त्यांनी आयोगाला तोंडावर सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हेच ब्रिटिश हिंदुस्थानात आणायचं म्हणून १९११ मध्ये विधेयक मांडलं. त्यात किती सावधगिरी होती! सक्ती करायची की नाही ते त्या त्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचं, तीही सुरुवातीला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, आणि ज्या पालकाची कमाई महिन्याला १० रुपयांच्या आत आहे त्याला फी माफ. एवढं मवाळ विधेयक, तरी १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. मुंबई शहरात तर त्याआधीच, १९०६ मध्ये, सक्तीचा प्रश्न तपासायला सरकारने समिती नेमली होती आणि लोक अजून तयार नाहीत असा तिचा निष्कर्ष निघाला. लोकांना विचारून हा निष्कर्ष निघाला असेल, असं काही मला वाटत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९२० मध्ये खास मुंबई शहरासाठी वेगळा. स्वातंत्र्याच्या वर्षीचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा तर आपल्याकडे पुढे कित्येक दशकं चालला. या सगळ्यांत हजेरीचा हुकूम आणि तो न पाळणाऱ्या पालकाला दंड हे ठरलेलं कलम.

त्या दंडाला मी नावं ठेवत नाही. त्या काळात पोर शाळेत घालायचं म्हणजे घरातली एक मिळकत बंद करायची. गुरं कोण राखणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार हे प्रश्न खरे होते. दंडाच्या धाकाने का होईना, अनेक घरांतलं पहिलं मूल शाळेत गेलं. मुद्दा इतकाच, की पालक म्हणजे ढकलायचा माणूस, त्याला काय हवंय हे विचारायचा माणूस नव्हे, अशी ती समजूत होती. १९४७ च्या कायद्याने जी शिक्षण मंडळं झाली त्यांवर नगरसेवकांनी निवडून दिलेली माणसं असायची. शाळेतल्या मुलाची आई, एवढ्याच नात्याने तिथे कोणाला खुर्ची नव्हती.

आणि मागणारे नव्हते असं तर मुळीच नाही. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. तो नाकारला गेला. एकाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील, अशी सरकारची सबब होती. त्या एका अर्जाने सरकारला इतकं अडचणीत टाकलं, की दोन वर्षांत, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील असं जाहीर करावं लागलं. कागदावर. प्रत्यक्षात मुलं व्हरांड्यात बसत राहिली, आणि १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांसाठीही पुन्हा ठराव आणावा लागला. मी वर्गात हा भाग शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, ‘बाई, एकदा जाहीर केल्यावर परत ठराव कशाला?’ याचं उत्तर भिंतीपलीकडच्या शाळेने मला जितकं नीट दाखवलं तितकं कुठल्याही पुस्तकाने दाखवलं नाही. ते पुढे येईलच.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आपल्या सोसायटीत जे सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आहेत त्यांच्यातले निम्मे तरी नगरपालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेत. त्यांची मुलं अनुदानित मराठी शाळांत गेली. नातवंडं इंग्रजी शाळांत. प्रत्येकाने आपापल्या घरापुरता विचार केला आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्याचा एक परिणाम झाला. ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर खुर्ची ओढून बसता येतं, ‘पोच द्या’ म्हणता येतं, ते सगळे पालक महापालिकेच्या शाळांतून हळूहळू बाहेर पडले. गळकं छत आणि रिकामं शिक्षकपद तिथेच राहिलं. बोलणारे तेवढे गेले.

घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. दहाची पन्नास झाली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क मानला, २००२ मध्ये घटनादुरुस्तीने २१-अ कलम आलं, आणि २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा होऊन तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हा कायदा आपण ओळखतो तो ‘आरटीई’ म्हणून, आणि आरटीई म्हटलं की खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा, एवढंच डोक्यात येतं. त्यातली दोन कलमं मात्र मला जास्त मोलाची वाटतात. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. दंड मात्र नाही! शाहू महाराजांचा रुपया अखेर माफ झाला. आणि कलम २१ म्हणतं की सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे, तिच्यातले तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या बायका असल्या पाहिजेत, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करायचा, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते तिने बघायचं. महाराष्ट्रात जून २०१० मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव, दर महिन्याला बैठक, दर दोन वर्षांनी नवी समिती.

आपल्या सोसायटीच्या कमिटीशी ताडून बघा. सचिव आहे, इतिवृत्ताचं रजिस्टर आहे, ठराव आहेत. गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबायचं आणि मग त्याच सभासदांनी सभा भरवायची, तेही असेल बहुधा. फरक एवढाच की आपल्या कमिटीतल्या माणसाला आपण कमिटीत आहोत हे माहीत असतं.

हे मी थट्टेने म्हणत नाही. २०१३ च्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या एक ताई माझ्याकडे एक झेरॉक्स घेऊन आल्या. ‘काकू, ह्याच्यावर माझं नाव हाय. हे काय हाय ते वाचून दाखवा की.’ भिंतीपलीकडच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची ती यादी होती. ताई वर्षभरापासून सदस्य होत्या. मुलाचा दाखला आणायला गेल्या की रजिस्टरवर सही घेतली जायची. ती खिचडीची किंवा गणवेशाची असेल असं त्यांना वाटायचं. यादीतल्या बाकीच्या आयांनाही विचारलं तर तोच प्रकार. त्या बाईंनी मला विचारलेला पुढचा प्रश्न मात्र माझ्या नोकरीतल्या कुठल्याही इन्स्पेक्टरने विचारला नव्हता. ‘मंग आमी नाही म्हटलं तर?’

नाही म्हणायची वेळ लगेचच आली. पट कमी झाला म्हणून सहावी-सातवीचे वर्ग हमरस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शाळेत समायोजित होणार, अशी बातमी शाळेच्या शिपायाकडून आली. नियमाने त्यात फारसं वावगं नव्हतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरपर्यंत चालतं. ती दुसरी शाळा अंतरात बसत होती. पण तो रस्ता तुम्ही रोज बघता. ट्रक, डंपर, आणि सिग्नल नसलेला तो चौक. नियमात किलोमीटर मोजलेत, रस्ता कसा आहे ते मोजलेलं नाही. मोठ्या मुलीला त्या रस्त्यापलीकडे एकटीला पाठवायची नाही, त्यापेक्षा ती घरी बसेल, हे निदान पाच-सहा आयांनी माझ्यासमोर सांगितलं. कागदावर हलणार होत्या दोन तुकड्या. प्रत्यक्षात मुलींची शाळा सुटणार होती.

मग या बायकांनी जे केलं ते मला तपशिलाने लिहायचंय, कारण ते स्मरणिकेत नाही लिहिलं तर कुठेच लिहिलं जाणार नाही.

पहिला प्रश्न वेळेचा होता. समितीची बैठक लागायची सकाळी अकराला. अकराला या सगळ्या कुठे असतात? आपल्या ओट्यापाशी. बैठकीला जायचं तर चार घरची कामं चुकवायची, आणि खाडा कापणारी घरं आपल्याकडेही होती. म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांकडे पहिली मागणी केली ती वर्ग वाचवण्याची नाही, बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर घ्या, ही. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, आणि बदलीला घाबरणारेही. त्यांनी ते मान्य केलं. माझ्या मते सगळी लढाई तिथेच निम्मी जिंकली गेली.

दुसरं म्हणजे, बैठकीच्या आधी बैठक. दर शुक्रवारी संध्याकाळी सात-आठ जणी आपल्या पंपरूमजवळच्या कट्ट्यावर जमायच्या. (तेव्हाच्या आपल्या सेक्रेटरींनी याला एका शब्दाने हरकत घेतली नाही, याची इथे नोंद करते. एकदोन सभासदांनी तक्रारवहीत लिहिलं होतं, तेही आठवतं.) उद्या कोण काय बोलणार ते तिथे ठरायचं. बोलायची वेळ आली की प्रत्येकीची मान खाली, म्हणून एकीने एकच वाक्य बोलायचं असं ठरलं. माझं काम वाचून दाखवायचं आणि लिहायचं. शासन निर्णयातली भाषा वाचताना मलाच दोनदा अडखळायला व्हायचं. ‘समुचित शासन’ म्हणजे कोण हे समजावता समजावता चहा गार व्हायचा.

तिसरं, त्यांनी मुलं मोजली. हे कोणी शिकवलं नव्हतं. वस्तीत गल्लीगल्ली फिरून, सहावी-सातवीची कोणाची किती मुलं, पैकी मुली किती, रस्ता ओलांडून कोण जाईल, कोण नाही, याची वही केली. शाळाबाह्य अशी नऊ मुलंही त्या फेरीत सापडली. ती पटावर आली तसा पट वाढला आणि समायोजनाच्या मूळ कारणालाच जरा धक्का बसला.

मग ठराव झाला, रजिस्टरवर आला, त्याची प्रत आणि वहीची झेरॉक्स घेऊन अकरा जणी शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा पोच मिळाली. निकाल यायला दिवाळी उलटली. सातवीपर्यंतचे वर्ग ‘पुढील आदेशापर्यंत’ आहेत तिथेच राहिले. आठवी मात्र मिळाली नाही, ती आजही रस्त्यापलीकडेच आहे. पण त्याच ओघात मुलींच्या संडासाला पाण्याची टाकी आली आणि चौकात शाळा सुटायच्या वेळी हवालदार उभा राहू लागला.

मोठी क्रांती वगैरे झाली असं कोणी समजू नये. दोन वर्षांनी समिती बदलली, ताईंचा मुलगा पुढच्या शाळेत गेला, आणि नव्या समितीत पुन्हा सह्या घरपोच घेतल्या जाऊ लागल्या. वर्गातल्या मुलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच. जाहीर झालेली गोष्ट दर खेपेला नव्याने मागावी लागते, आणि शाळेत तर मागणारी माणसंच दर काही वर्षांनी बदलतात. पालकपण ही मुदतीची नोकरी आहे. त्यामुळे एका फळीने शिकलेलं दुसरीला कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये दुसऱ्या फळीने सुरुवात केली तेव्हा ती वही शोधली. ती एकीच्या माळ्यावर तांदळाच्या पिंपाखाली सापडली.

इतर ठिकाणी याहून मोठ्या प्रमाणावर प्रयत्न झालेत. दिल्लीच्या सरकारी शाळांत समितीवरचे पालक मतदानाने निवडले गेले, आणि जुलै २०१६ मध्ये सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी पालकसभा भरवल्या गेल्या. आपल्याकडे पालकांची ताकद दिसली ती २०२४ मध्ये. त्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला, की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के जागा देण्याची गरज नाही. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, मे महिन्यात स्थगिती मिळाली, आणि १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मला त्या निकालाचा आनंद झाला, आणि एक खंतही वाटली. सरकार म्हणत होतं, शेजारी आमची शाळा आहेच की. आणि पालक म्हणत होते, तिथे नको. गरीब आईलाही सरकारी शाळेतून बाहेर पडण्याचाच हक्क आधी मागावासा वाटतो. तिच्या जागी मीही तोच मागितला असता. पण बाहेर पडता येणार चौथ्या हिश्श्याच्या जागांवर. उरलेली मुलं भिंतीपलीकडेच असणार.

सध्याची स्थिती लिहून थांबते. शाळेचा पट गेल्या चार वर्षांत थोडा वाढलाय. सेमी इंग्रजी सुरू झाल्यापासून रिक्षावाल्यांची, एका-दोघा दुकानदारांचीही मुलं तिथे येतात. मराठीची एक तुकडी मात्र बंद पडायच्या बेतात आहे. समितीच्या अध्यक्ष सध्या आपल्या डी विंगच्या वॉचमनची बायको आहेत, दहावी झालेल्या. त्यांना माझ्या वाचनाची गरज पडत नाही, मोबाइलवर जीआर काढून त्याच मला दाखवतात. जुनी वही त्यांच्याकडे आहे, आणि तिच्यात मागच्या पावसाळ्यातली पटाची फेरी नव्या अक्षरात लिहिलेली आहे.

या वर्षी समितीची मुदत संपते. नवी निवड शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी, संध्याकाळी पाचला. त्या दिवशी आपल्याकडच्या कोणत्या मावशींनी लवकर जायचं म्हटलं, तर कारण हे आहे.